शहराच्या जलवाहिनीवरून पाड्याला पाणी घ्यायचं तर

भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली, पाणी जातं मुंबईला, आणि त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. जोडणी मागण्याआधी एक विचारून घ्या: वाहिनीतलं पाणी शुद्ध केलेलं आहे की कच्चं? धरणाकडून शुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या वाहिनीत कच्चंच असतं. मग गाळणीचा खर्च पाड्याच्या गळ्यात पडतो आणि पुढची सगळी गणितं बदलतात.

शुद्ध पाण्याचं गणित असं. ३०० माणसं, जलजीवन मिशनप्रमाणे माणशी ५५ लिटर, म्हणजे १६,५०० लिटर. गळती धरून रोज १९,०००. पाणी दिवसातून एकदाच सुटत असेल तर टाकी २०,००० लिटरची हवी. ती चार तासांत भरायला ६३ मिमी एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप चालतो, पण किलोमीटरमागे सात-आठ मीटर दाब खर्च होतो. जोडणी दीड किलोमीटरवर आणि टाकीचं तोंड २० मीटर वर असेल तर जोडणीपाशी किमान सव्वातीन किलो दाब लागतो (दहा मीटर म्हणजे साधारण एक किलो). दाबाचं गेज लावून पहाटे आणि भर दुपारी, दोन्ही वेळा मोजा. कमी येईल तो आकडाच खरा.

पाइप वनजमिनीतून जाणार असेल तर अडून बसू नका. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) मध्ये पिण्याच्या पाण्याची वाहिनी आहे: एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस.

करारात नुसतं ‘पाणीपुरवठा करण्यात येईल’ नको. रोजचे लिटर, दाब आणि हजार लिटरचा दर लिहा. टंचाईत शहराला जितके टक्के कपात, तितकीच पाड्याला, हेही लिहा. नाहीतर एप्रिलमध्ये पहिला व्हॉल्व्ह पाड्याचाच बंद होतो. मीटर कुठे बसवायचा यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. जोडणीपाशी बसवला तर वाटेतली गळती ग्रामपंचायतीच्या बिलात येते. मग त्या पाइपची दुरुस्तीही तिचीच, हे मान्य करूनच सही करा. मीटरच्या पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. मुख्य वाहिनी रिकामी झाली की टाकीकडचं पाणी उलटं ओढलं जातं. उंचवट्यावर हवा सोडायचा एअर व्हॉल्व्ह, खोलगटात गाळ काढायचा व्हॉल्व्ह.

शेवटच्या नळाला ओटी चाचणीत (पाण्यातलं क्लोरीन रंगावरून मोजतात ती) क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी दिसलं, तर भरलेल्या टाकीत ६० ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पुरे. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, फक्त वरची निवळ ओता आणि अर्ध्या तासाने पाणी सोडा. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पोत्यातल्या पावडरीचा मात्र भरवसा धरू नका, तिचा जोर गेलेला असतो.