शिळा भात, बांगडा, दही आणि अँटिबायोटिक : जिवाणूंच्या बाबतीत या चुका टाळा

जिवाणू म्हटलं की आपल्या डोक्यात एकच येतं, मारून टाका. फिनेल आणा, सॅनिटायझर आणा, नाहीतर डॉक्टरकडून गोळी आणा. आणि त्याच घरात रोज रात्री विरजण लावलं जातं, शनिवारी इडलीचं पीठ आंबत ठेवलं जातं, म्हणजे जिवाणू आपण हौसेने वाढवतोच आहोत. आपल्या शरीरात मिळून साधारण 38 लाख कोटी जिवाणू असतात आणि आपल्या स्वतःच्या पेशी साधारण 30 लाख कोटी, असा 2016 सालचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, तेव्हा सगळे मारायचे हा विचारच सोडा. बघायचं ते एवढंच की त्यांना आपण कुठे, किती वेळ आणि किती गरमीत वाढू देतोय. मुंबईत तर हे जास्तच बघायला लागतं, कारण इथली हवा वर्षातले बहुतेक दिवस उबदार आणि वर दमट, जिवाणूंना आणखी काय पाहिजे. खाली ज्या चुका लिहितेय त्या आमच्या बिल्डिंगमध्ये, नातेवाइकांत, ऑफिसच्या डब्यांत सारख्या बघते म्हणून लिहितेय.

"गरम केलं ना, मग झालं"

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून पहिली.

रात्री नऊला भात केला, उरला, झाकण ठेवून टोप तसाच ओट्यावर राहिला. सकाळी त्याला कांदा, मिरची, हळद घालून मस्त फोडणी दिली, अर्धा पोरांच्या डब्यात गेला आणि तो डबा एक वाजता मधल्या सुट्टीत उघडला. मोजा, सोळा तास झाले. तांदळाबरोबर शेतातल्या मातीतून बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू येतो, त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचात झोपून राहिलेलं त्याचं रूप, भात शिजला तरी टिकतात, आणि भात कोमट राहिला की ते जागे होऊन वाढायला लागतात. वाढता वाढता त्यातले काही एक विष तयार करतात, सेरुलाइड नावाचं, आणि ते विष 121 डिग्रीला दीड तास तापवलं तरी टिकतं. आपल्या कुकरमध्ये साधारण तेवढंच तापमान होतं आणि तेही काही मिनिटंच, मग कढईतल्या फोडणीचं काय घेऊन बसलात. फोडणीत जिवाणू मरेल, त्याने आधीच केलेलं विष तसंच राहील. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि घरातले म्हणतात शाळेत काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल.

फोडणीचा भात बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, तो मलाही जीव की प्राण आहे. फक्त उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, आणि आख्खा टोप उचलून आत ठेवू नका, कारण मधला भात कितीतरी वेळ गरमच राहतो. पसरट डब्यात किंवा ताटात पातळ थर करा, वाफ गेली की झाकण लावून आत. "गरम ठेवलं की फ्रिज बिघडतो" म्हणून रात्रभर बाहेर ठेवणारे खूप लोक आहेत, त्यांनी हे पसरून ठेवायचं मनावर घ्या. फ्रिज 4 डिग्री किंवा त्याखाली पाहिजे आणि तो जिवाणू मारत नाही, त्यांची वाढ मंद करतो, त्यामुळे चार दिवसांची आमटी फ्रिजमध्ये होती म्हणून चांगली आहे असंही नसतं.

हेच बांगड्याचं. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा बर्फाशिवाय पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि हे हिस्टामिन तळून जात नाही, तिखल्यात उकळून जात नाही, फ्रीझ करूनही जात नाही. मासा वासाला बरा वाटू शकतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, आणि माणूस कायमचं ठरवून टाकतो की मला बांगडा बाधतो. बऱ्याचदा माशाची अ‍ॅलर्जी नसतेच, तो विशिष्ट मासा उन्हात पडलेला असतो. आता अ‍ॅलर्जी आहे की हे, ते डॉक्टरने ठरवायचं, आणि श्वास लागत असेल तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. पण खरेदीच्या वेळी आपल्या हातात बरंच असतं. पाटीत मासा बर्फावर आहे का बघा, कल्ले लाल आहेत का बघा, बोट दाबलं तर खड्डा राहतो का बघा. भाऊच्या धक्क्यावरून किंवा दादरहून घ्यायचा आणि लोकलने तासभर लांब जायचं असेल तर मावशींना पिशवीत बर्फ टाकायला सांगा, त्या नाही म्हणत नाहीत. घरी आल्यावर साफ करून हळद, मीठ, आगळ लावलात की तो मुरायला फ्रिजमध्ये ठेवा, ओट्यावर नको.

दही लागत नाही, लागलं तर आंबट होतं

दूध उकळतं असतानाच विरजण घातलंत तर त्यातले जिवाणू तिथेच मेले, मग सकाळी नुसतं दूध. बोट बुडवून सुखाने ठेवता येईल इतपत कोमट असू दे, साधारण 40 डिग्री. उलट एसीच्या खोलीत किंवा जानेवारीतल्या त्या चार थंड रात्री ठेवलंत तर जिवाणू जिवंत असतात पण हळू चालतात, तेव्हा थोडं जास्त विरजण घाला आणि पातेलं कापडात गुंडाळा किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवा. मे महिन्यात बरोबर उलटं करायचं, रात्री अकराला लावून सकाळी आठला बघाल तर आंबटढाण झालेलं असतं, कारण दही लागून कधीच झालंय आणि जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतच बसलेत. सकाळी लावा, चार-पाच तासांनी बघा, लागलं की लगेच फ्रिजमध्ये. पातळ होत असेल तर दूध नुसतं उकळी आणून बंद करू नका, मंद गॅसवर आणखी थोडा वेळ ठेवा, त्याने दुधातली प्रथिनं उलगडतात आणि दही घट्ट लागतं.

दह्याला तार येते ती काही जिवाणूंनी केलेल्या चिकट पदार्थामुळे, बहुतेक वेळा ते बाधत नाही, पण विरजण बदलून घ्या. गुलाबी, हिरवं, केसाळ काही दिसलं तर वरचं काढून खाऊ नका, सगळंच टाका. एकच विरजण महिनोन्महिने फिरवून ते बिघडतं त्याचं एक कारण म्हणजे जिवाणूंनाही खाणारे विषाणू असतात. आणि एक, कढी केली की दही आधीसारखं जिवंत राहत नाही, चवीला खा, पचनाचं औषध म्हणून नको.

इडलीच्या पिठात विरजण लागत नाही, जिवाणू उडीद डाळीबरोबरच येतात, त्यात ल्युकोनॉस्टॉक नावाचा असतो तो वायू सोडतो आणि पीठ फुगतं. डाळ दहा-दहा वेळा चोळून धुतली, नाहीतर मिक्सर तापून पीठ गरम झालं, तर तेच जिवाणू कमी होतात आणि मग दोष तांदळाला. वाटताना थंड पाणी वापरा.

अँटिबायोटिकच्या चुका

सर्दी, साधा फ्लू, बहुतेक घसादुखी हे सगळं विषाणूंचं काम, आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, जिवाणूवर चालतं. तरी नाक वाहायला लागलं की केमिस्टकडे जाऊन "ती तीन दिवसांची गोळी द्या" म्हणणारे लोक मी नेहमी बघते आणि खरंच काळजी वाटते. त्या तीन दिवसांत सर्दी तशीही बरी व्हायलाच लागलेली असते, क्रेडिट गोळीला मिळतं, आणि पोटातले चांगले जिवाणू मधल्यामध्ये मरतात, म्हणून मग जुलाब. जे थोडे चिवट जिवाणू वाचतात ते पुढे वाढतात आणि पुढच्या वेळी तीच गोळी चालत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 साली नोबेल घेताना हेच बजावलं होतं की कमी डोस घेऊन जिवाणूंना औषध पचवायला शिकवू नका. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा, ती रेघ बघायला काही शिक्षण लागत नाही.

डॉक्टरने पाच दिवस सांगितले तर बरं वाटलं म्हणून दोन दिवसांत सोडू नका आणि उरलेल्या गोळ्या वहिनीला देऊ नका. टीबीमध्ये तर ही चूक फार महागात पडते. साधा टीबी असला तरी सहसा सहा महिने औषध असतं, महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस पुन्हा कामाला लागतो आणि गोळ्या सुटतात. जिवाणू मात्र संपलेले नसतात. मग तोच टीबी औषधाला न जुमानणारा होऊन परत येतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहत असतील तर तो एकट्याचा राहत नाही. गोळी सुरू झाल्यावर लघवी नारिंगी झाली म्हणून घाबरून बंद करणारेही असतात, ते रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता एक बारीक गोष्ट, पण यावर पूर्ण उपचार अवलंबून असतात. लघवीला जळजळ होते, डॉक्टर कल्चर सांगतात, म्हणजे लघवीतले जिवाणू लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट. लोक काय करतात, आधी घरातली उरलेली गोळी घेतात आणि मग सॅम्पल देतात, झालं, रिपोर्टमध्ये काही वाढतच नाही. सॅम्पल गोळी सुरू करायच्या आधी द्यायचं. सुरुवातीची धार सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आत बोट लावायचं नाही. आणि ती डबी पर्समध्ये ठेवून विरार ते अंधेरी, मग ऑफिस, मग दुपारी लॅब असं करू नका. ई. कोलाय जिवाणू चांगल्या गरमीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे एकाचे सहा तासांत 2 लाख 62 हजार. जंतुसंसर्ग नसतानाही आकडा एक लाखाच्या वर दिसेल आणि नको ते औषध चालू होईल. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाही जमत तर तोपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा.

तापात नुसती विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइड ठरवून टाकणं हीसुद्धा अशीच चूक, ती टेस्ट दुसऱ्या तापातही पॉझिटिव्ह येऊ शकते. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकच्या आधी, ब्लड कल्चर करायचं का हे डॉक्टरांना विचारा, विचारण्यात कमीपणा नाही.

साबणाबद्दल थोडक्यात सांगते. अँटिबॅक्टेरियल लिहिलेला महाग साबण घ्यायची गरज नाही, साधा साबण आणि वीस सेकंद नीट चोळणं पुरतं. सॅनिटायझरने बीजाणू मरत नाहीत. कच्चं चिकन नळाखाली जोरात धुतलं की शिंतोडे कोशिंबिरीच्या काकडीपर्यंत जातात, म्हणून भांड्यात हलक्या हाताने धुवा नाहीतर धुऊच नका, आणि जुलैमध्ये ओट्याचं फडकं वाळतच नाही तर दोन-तीन आलटून पालटून गरम पाण्यात उकळून वापरा.

कंपोस्टच्या डब्याला वास येतो

सोसायटीत ओला कचरा जिरवायला लागल्यापासून ही तक्रार सगळीकडे आहे, आणि त्यावर लोक काय ओततात तर फिनेल. जे जिवाणू तुमचं काम फुकट करत होते तेच मेले की राव. वास येतो कारण आत हवा नाही आणि पाणी जास्त आहे, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतात. एक भाग ओल्या कचऱ्याला साधारण दोन भाग सुका पाला, कोकोपीट किंवा फाडलेले पुठ्ठे घाला, डब्याला बाजूने आणि खाली भोकं पाडा, दोन-तीन दिवसांनी खालवर करा. मूठभर घेऊन पिळलं तर थेंब पडता कामा नये, एवढीच ओल. भाजीचा रस्सा आणि मटणाची हाडं घरच्या छोट्या डब्यात नकोत. मधोमध हात धरल्यावर ऊब लागली तर खूश व्हा, ती जिवाणूंच्या कामाची ऊब आहे.

हाच कचरा देवनारच्या डंपिंग ग्राउंडला गेला तर थरांवर थर पडून हवा बंद होते आणि मिथेन तयार होतो, तो करणारे सूक्ष्मजीव खरं तर जिवाणू नाहीत, आर्किया नावाच्या वेगळ्या कुळातले आहेत. जानेवारी 2016 मध्ये देवनारला आग लागली तेव्हा किती दिवस धूर होता ते चेंबूर-गोवंडीवाल्यांना विचारा.

साचलेलं पाणी

उंदीर आणि मुंबई हे जुनं प्रकरण आहे. 1896 च्या प्लेगमध्ये शहर रिकामं होत होतं तेव्हा वॉल्डेमार हाफकिनने इथेच लस बनवली आणि जानेवारी 1897 मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली, परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. प्लेग गेला, उंदीर आहेतच, आणि आता पावसाळ्यात त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू पाण्यात येतो, त्याच्या आजाराला लेप्टो म्हणतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर शहरात लेप्टोने माणसं गेली.

हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल, कुठूनही गुडघाभर पाण्यातून आलात तर घरी येऊन साबणाने पाय धुणं आलंच, पण नुसतं तेवढ्यावर थांबू नका. टाचेची भेग, चपलेचा चावा, दाढी करताना कापलेलं, एवढीशी जखम त्याला आत यायला पुरते. महापालिका दर पावसाळ्यात सांगते की अशा पाण्यातून चाललेल्यांनी 24 ते 72 तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं, आणि ते पालिकेच्या दवाखान्यात मिळतं. स्वतःच्या मनाने घेऊ नका, गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं.

ताप बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांनी येतो आणि तोपर्यंत पाण्यातून चाललो होतो हे आपण विसरलेलो असतो. पोटऱ्या खूप दुखतायत, डोळे लाल झालेत, डोकं फुटतंय, अशा वेळी क्रोसिन घेऊन तीन दिवस काढू नका, त्या तीन दिवसांत किडनी आणि लिव्हरपर्यंत जाऊ शकतं. पहिल्याच दिवशी जा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा की अमक्या दिवशी अमक्या ठिकाणी पाण्यातून चाललो होतो आणि पायाला जखम होती.