लाईट गेल्यावर फॅन किती फेरे मारतो? अँग्युलर अ‍ॅक्सिलरेशनची गणितं अशी सोडवा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये लाईट गेली की सगळ्यांची नजर आधी वर फॅनकडं जाते आणि तो थांबेपर्यंत आपण बघतच बसतो, तर बारावीच्या फिजिक्समधलं हे गणित तिथंच शिकून घेऊ. समजा फॅन ३०० आरपीएमवर (मिनिटाला ३०० फेरे) होता आणि एकसारखा मंदावत २० सेकंदांत थांबला. (खरा फॅन असा एकसारखा मंदावत नाही, जोरात असताना हवा त्याला जास्त अडवते, पण पेपरात चालतंय.)

आधी पाच गोष्टी कागदावर मांडा: सुरुवातीचा ओमेगा (फिरण्याचा वेग), शेवटचा ओमेगा, अल्फा (ओमेगा बदलण्याचा दर, म्हणजेच अँग्युलर अ‍ॅक्सिलरेशन), थीटा (एकूण फिरलेला कोन) आणि वेळ. यातल्या तीन कळल्या की उरलेल्या दोन निघतात. पोरं म्हणतात सर दोनच दिल्यात, अरे "थांबला" असं लिहिलंय ना, म्हणजे शेवटचा ओमेगा शून्य, झाली तिसरी!

आता आरपीएम. मार्क जातात ते इथंच. एक फेरा म्हणजे २ पाय रेडियन (रेडियन हे कोन मोजायचं एकक) आणि मिनिटाचे ६० सेकंद, म्हणून ३०० ला २ पायनं गुणून ६० नं भागायचं, आले ३१.४ रेडियन प्रति सेकंद. हे केल्याशिवाय सूत्राला हातच लावू नका.

सूत्र कुठलं घ्यायचं? जी गोष्ट दिलेली पण नाही आणि विचारलेली पण नाही, ती ज्यात नसेल ते. अल्फा काढायचाय तर थीटाचं काही कामच नाही, ओमेगातला फरक भागिले वेळ, म्हणजे उणे ३१.४ भागिले २०, उत्तर उणे १.५७ रेडियन प्रति सेकंद वर्ग. तो उणे गाळायचा नाही, फॅन मंदावतोय.

फेरे काढायला सरासरी ओमेगा १५.७ गुणिले २० सेकंद, ३१४ रेडियन, त्याला ६.२८ नं (म्हणजे २ पायनं) भागलं की ५० फेरे. ताळा तोंडी होतो: सरासरी १५० आरपीएम, वेळ मिनिटाचा तिसरा हिस्सा, ५०.

गड्ड्याच्या जत्रेतल्या फिरत्या घोड्यांवर आतला-बाहेरचा दोघांचा ओमेगा सारखाच, बाहेरचा जास्त जोरात जातो कारण त्याची त्रिज्या मोठी. त्रिज्या विचारात घ्यायची ती असं मीटरमधलं काही, म्हणजे वेग, अंतर किंवा अ‍ॅक्सिलरेशन मागितलं तरच.

आणि "शेवटच्या ५ सेकंदांत किती फेरे" असं आलं तर व्हिडिओ उलटा चालवा, फॅन शून्यापासून १.५७ नं वेग घेतोय असं धरा: अर्धा गुणिले १.५७ गुणिले २५ (५ सेकंदांचा वर्ग), साधारण १९.६ रेडियन, म्हणजे जेमतेम तीन फेरे. पहिल्या ५ सेकंदांत मात्र जवळजवळ २२ झालेले असतात.