मामीच्या साठीला विनियरचं स्टूल: मापापासून पॉलिशपर्यंत

स्टूल भेट द्यायचं ठरलं, की पहिलं काम ज्याला द्यायचं त्याच्या घरी जाऊन करायचं, तेही गुपचूप. माझ्या मामीचे गुडघे दुखतात. पाटावर बसणं तिनं कधीच सोडलंय, आणि भाजी निवडायला सोफा चालत नाही म्हणते. तिच्या घरातल्या कुठल्या खुर्चीवरून ती हात न टेकता उठते हे आधी बघून ठेवलं. मग ती चहा टाकायला आत गेली तेव्हा टेप लावली. बैठक साडेसतरा इंचांवर होती. खुर्चीला गादी असेल तर बसल्यावर ती दबते, तेवढं वजा करायचं. गुडघे दुखणाऱ्याला स्टूल अर्धा-एक इंच उंच चालतं, बुटकं मात्र बिलकूल नको. जास्त उंच केलं तर टाचा अधांतरी राहतात आणि मांडीखाली कड रुतते. मामीसाठी मी 18 इंच धरले.

बैठक 14 बाय 14 इंच. यापेक्षा लहान स्टूल दिसायला नाजूक, पण लुगडं-साडी सावरून बसणाऱ्या बाईला उपयोगाचं नाही. पाय बैठकीच्या कडेपासून चार सुतांपेक्षा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त आत घेऊ नका. आत घेतले की कडेवर वजन पडल्याबरोबर स्टूल उलटायला बघतं.

टेपवरून आठवलं. आमचे आण्णा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात ते नमुने, करायचे. त्यांच्या पेटीत अजून एक जुनी पट्टी आहे, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा आहे. ओतलेलं बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आक्रसतं, फुटामागं साधारण एक सूत, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दिसायला ती अगदी साध्या पट्टीसारखी दिसते. तुमच्याही घरी कुणी पॅटर्नमेकर असेल, आणि कोल्हापुरात असायची शक्यता बरीच आहे, तर स्टुलाला ती पट्टी घेऊ नका.

पायाला आणि वरच्या चौकटीला जुनं सागवान घ्या. वाडे उतरवले जातात तेव्हा चौकटी, तुळया, खिडक्या जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. कित्येक पावसाळे पाहून ते लाकूड निवलेलं असतं, आता पीळ खात नाही. घेताना लोहचुंबक सोबत ठेवा. आत तुटलेला खिळा राहिला असेल तर रंध्याचं पातं एका फटक्यात जातं. पायासाठी दीड बाय दीड इंचाचे चार तुकडे, लांबी 17 इंच 2 सूत. पाय जोडणाऱ्या चार पट्ट्या तीन इंच रुंद, सहा सूत जाड. पायांच्या बाहेरून बाहेरचं अंतर 13 इंच धरलं तर दोन पायांमध्ये पट्टी 10 इंच दिसते, दोन्ही टोकांना एकेक इंचाचं कुसू (पायाच्या भोकात बसणारी जीभ), म्हणजे पट्टी कापायची 12 इंचांची.

आता बैठक, खरी मजा इथं आहे.

विनियर, म्हणजे लाकडाचं कागदासारखं पातळ पान, म्हटलं की आपल्याकडं नाक मुरडणारे पुष्कळ. ‘वरनं कागद चिकटवलाय की!’ हे मी आमच्याच गल्लीत ऐकलंय. पण मला जी नक्षी हवी होती, म्हणजे चार त्रिकोण आणि लाकडाच्या रेषा कडेला समांतर फिरून चौकोनात चौकोन उमटलेले, ती भरीव लाकडात करून बघा. साग पावसाळ्यात रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. चार तुकडे चार दिशांनी ओढाताण करतात आणि एखाद-दुसऱ्या वर्षात सांधे उघडतात. अर्ध्या मिलिमीटरचं पान प्लायवर बसलं की त्याला तशी ओढाताण करायला वावच राहत नाही. फसवणूक म्हणायचीच असेल तर फक्त वरच्या बाजूला विनियर लावून खालची बाजू कोरी सोडण्याला म्हणा. एका बाजूनंच चिकटवलं की सुकताना पान ओढतं आणि बैठकीची बशी होते. खालीही तेवढ्याच जाडीचं पान हवं. स्वस्तातलं, गाठी असलेलं चालेल, पण हवंच.

दुकानात बहुतेक वेळा 4 मिमी प्लायवर आधीच चिकटवलेली आठ बाय चारची शीट दाखवतात. ती कपाटाच्या दारासाठी. आपल्याला सुटी पानं पाहिजेत, आणि एकाच गड्डीतली, लागोपाठची चार. ओंडक्यातून एकामागून एक निघालेल्या पानांवर रेषा जवळजवळ सारख्या असतात, सगळी नक्षी त्याच जोरावर उभी राहते. गड्डीतून काढताना खडूनं 1, 2, 3, 4 लिहा आणि वरची बाजू कुठली तेही. एक-दोन पानं जादा घ्या. पान लहरी खाल्लेलं असेल तर पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून हलकं शिंपडा, कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर फळी आणि वजन, कागद बदलत राहा. सपाट झाल्यावरच कापायला घ्या.

कुठून कापायचं हे ठरवायला दोन हातआरसे घ्या, बिनचौकटीचे. दोन्ही काटकोनात उभे करून कडेला कडा भिडवा आणि पानावर सरकवत न्या. आरशांच्या कोपऱ्यात पूर्ण बैठक दिसते, चारही त्रिकोणांसकट. दोन बोटं इकडं सरकवलं की मध्यात डोळा उमटतो, तिकडं सरकवलं की नुसते सरळ चौकोन. सरळ रेषांच्या पानात फारसा फरक पडत नाही. डोंगरासारख्या चढत्या रेषांचं पान असेल तर मात्र तासभर कसा जातो कळत नाही. मामीला देवघरातल्या रांगोळीची हौस, म्हणून मी मध्याशी घट्ट आणि बाहेर सैल होत जाणारी जागा निवडली. आरशाच्या कडेनं पेन्सिल फिरवली की त्रिकोण तयार. पाया साडेतेरा इंच, उंची पावणेसात, शेंड्याला काटकोन. प्लाय 13 बाय 13 चा, म्हणजे चहूबाजूंनी दोन सूत जादा राहतं.

चारही पानं क्रमानं, रेषेवर रेष बसवून रचा. कापायच्या रेघेवर मास्किंग टेप लावा, वर स्टीलची पट्टी दाबून धरा, कटरला नवं पातं घाला. एका दमात कापू नका, पाच-सहा हलके हात फिरवा. दोन्ही टोकांकडून रेघेच्या मध्याकडं कापा. बाहेरच्या दिशेनं कापलं तर शेवटचा कोपरा फुटतो, आणि तो नेमका शेंड्याचा असतो. मग 2 आणि 4 नंबरचे त्रिकोण उलटे करा, म्हणजे शेजारचे दोन तुकडे एकमेकांचं प्रतिबिंब होतात. उलट्या तुकड्यावर उजेड वेगळा पडतो, दोन त्रिकोण जरा गडद दिसतात. तो दोष नाही, स्टूल फिरवलं की गडद-फिकट जागा बदलतात.

जोडताना एकदम चौघांना भिडवू नका. आधी 1 ला 2, आणि 3 ला 4. दोन अर्धे झाले की त्यांची लांब कड दोन सरळ पट्ट्यांमध्ये धरून बारीक रंध्यानं किंवा फळीला चिकटवलेल्या पॉलिश पेपरानं सरळ करा. कोनात केसभर चूक राहिली असेल ती इथं निघून जाते आणि मध्यबिंदूला भोक राहत नाही. टेप दर्शनी बाजूला लावायची, चिकटवायच्या बाजूला कधीच नाही.

प्लाय 18 मिमीचा, 303 मार्काचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) किंवा 710 मार्काचा मरीन. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर कोल्हापुरात एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या लगद्याची दाबलेली आणि पाण्यात फुगणारी फळी, का नको हे कुणाला समजावून सांगायला लागत नाही. शिवाय मामी स्वयंपाकघराची फरशी रोज धुते.

चिकटवायला पांढरं फेविकॉल. डब्यातलं रबरी सोल्युशन लगेच पकडतं म्हणून मिस्त्री लोक वापरतात, पण एकदा टेकलं की पान सरकवता येत नाही आणि चार सांध्यांची नक्षी मध्यावर आणायला सरकवावं लागतंच. फेविकॉल प्लायला लावा, पानाला नको. पान ओलं झालं की गुंडाळी होते. थर पातळ आणि सगळीकडं सारखा, जुन्या एटीएम कार्डानं ओढून घ्या. जाड थर सागाच्या छिद्रांतून वर येतो आणि त्या डागावर पॉलिश बसत नाही. प्लायवर आधी दोन कर्ण पेन्सिलनं कडेच्या बाहेर येतील असे आखून ठेवा, सांधे त्यावर बसवायचे.

दाबाला वजनं ठेवून भागत नाही. दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो दाब धरला तरी 33 बाय 33 सेंमीला आठशे किलोच्या वर जातं. गुळाचे 30 किलोचे रवे रचायचे म्हटले तर सत्तावीस लागतील, आणि मुंग्या वेगळ्या. क्लॅम्पच हवेत. खाली-वर एकेक जाड फळी, फळी आणि विनियरच्या मध्ये प्लास्टिकचा कागद (वर्तमानपत्र नको, शाई उमटते), आणि फळ्यांवर आडवे दोन बाय दोनचे तीन-तीन दांडके. क्लॅम्प दांडक्यांच्या टोकांना लागतात, त्यामुळं मध्य सैल राहतो. दांडक्याच्या मधोमध खाली पुठ्ठ्याचा एक तुकडा घाला, म्हणजे दाब मध्यापासून सुरू होतो आणि जादा फेविकॉल कडेनं बाहेर पडतं. मधला दांडका आधी आवळायचा, मग कडेचे. वरचं आणि खालचं पान एकाच वेळी दाबा. रात्रभर राहू द्या. काढल्यावर बैठक भिंतीला उभी टेकवून ठेवा, दोन्ही बाजूंना वारा लागला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी नखानं टकटक करत सगळीकडून फिरा. आवाज पोकळ आला तिथं पान सुटलंय. रेषेच्या दिशेनं पात्यानं बारीक चीर द्या, इंजेक्शनच्या सुईनं फेविकॉल सोडा, प्लास्टिक ठेवून परत क्लॅम्प.

आता लिपिंग, म्हणजे बैठकीच्या चारही कडांना लावायची लाकडी पट्टी. चार सूत जाडीची सागाची किंवा शिसवाची पट्टी, कोपऱ्यांत 45 अंश. लिपिंग आधी लावून विनियर त्याच्यावरून नेणारेही आहेत. टेबलाला ते शोभतं. स्टुलाला लाथा बसतात, ओढाओढ होते, आणि पानाची उघडी कड दोन महिन्यांत उचलते. म्हणून विनियर आधी, लिपिंग नंतर, आणि लिपिंग कागदभर वर ठेवून स्क्रॅपरनं पानाच्या पातळीला आणायची. इथं मशिनचा सँडर लावू नका, अर्ध्या मिलिमीटरला तो किती वेळ घेणार! कडा आणि कोपरे गोल करून टाका, साडी अडकली नाही पाहिजे.

पायांची चौकट मी प्लाय सुकत असताना उरकते. कुसू दोन सूत जाड, म्हणजे पट्टीच्या जाडीचा तिसरा भाग. वरून चार सूत सोडून कुसू काढा, नाहीतर पायाच्या डोक्याशी भोक उघडं पडून लाकूड चिरतं. दोन बाजूंची कुसवं पायाच्या पोटात भिडतात, त्यांची टोकं तिरकी कापा. कुसू हातानं दाबून बहुतेक आत जावं, शेवटच्या दोन सुतांना मोगरीचा हलका ठोका. घणासारखं ठोकावं लागत असेल तर पटाशीनं अजून एक पापुद्रा काढा. खालच्या आडव्या दांड्या मी घातल्या नाहीत, पायाच्या बोटांना आणि साडीच्या काठाला त्या अडकतात. म्हणून तर पट्टी तीन इंच रुंद. फेविकॉल लावायच्या आधी सगळं कोरडं जुळवून दोन्ही कर्ण मोजा, सारखे भरले तरच पुढं.

बैठक चौकटीवर बसवायला आतल्या कोपऱ्यांत 20 मिमीचे ठोकळे, त्यातून खालून 30 मिमीचे स्क्रू. 40 मिमीचा स्क्रू घेतला तर नक्षीतून टोक वर येईल. खाली नाव-तारीख लिहायची असेल तर ती पॉलिशच्या आधी.

घासायला 180, 240, मग 320 नंबर, ठोकळ्यावर गुंडाळून, हातानं. पॉलिश पीयूचं (पॉलियुरेथेन), मॅट, तीन पातळ हात. लाखेचं पॉलिश दिसतं सुंदर, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ. बैठकीची खालची बाजूही पॉलिश करा, आणि पायांचे तळवे सगळ्यात जास्त. आडवं कापलेलं लाकूड तिथून पाणी ओढतं. त्यावर रबरी बुश. जून ते सप्टेंबरमध्ये पॉलिश करायचं तर उघडीप बघून, दुपारी. दमट हवेत मेलामाईन-लाखेवर पांढुरकी झाक येते आणि पीयूही सावकाश सुकतं. गौरी-गणपतीला भेट द्यायची असेल तर हे काम मे महिन्यातच उरका.

शेवटचा हात दिल्यावर आठवडाभर स्टूल उघडं ठेवा. हाताला कोरडं लागलं तरी आतून ते पक्कं झालेलं नसतं, आणि बबलरॅप गुंडाळला की बैठकीवर त्याचे फुगे उमटतात. न्यायचंच असेल तर जुन्या सुती साडीत सैल बांधा, आणि दुचाकीवरून नेताना पाय वर, बैठक मांडीवर.