सी हॉकच्या पंखातलं पाणी

समुद्राकाठी उघड्यावर ठेवलेल्या सी हॉक या नौदलाच्या जुन्या लढाऊ विमानाला आम्ही दोनदा रंग दिला. दोन्ही वेळा पावसाळा सरता सरता पंख जिथे दुमडतो त्या घडीपाशी रंगाला फुगे आले. नखाने खरवडलं तर आतून पांढरी भुकटी, गंजलेल्या ॲल्युमिनियमची. म्हणजे दोष रंगाचा नव्हताच. पाणी निचरायची भोकं पालापाचोळ्याने बुजलेली, आणि नंतर कधीतरी बसवलेले लोखंडी बोल्ट खाऱ्या ओलीत शेजारचं ॲल्युमिनियम खात होते. भोकं मोकळी केली, गोड्या पाण्याने धुतलं, नायलॉनच्या ब्रशने घासलं (तारेचा ब्रश नकोच, लोखंडाचे कण रुततात), बोल्टखाली प्लास्टिकचे वायसर घातले, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग. १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडून चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले ते याच जातीच्या विमानांनी. ते असं कुजताना बघवत नव्हतं. यंदा पावसाळ्यानंतर झाकण उघडून आत हात घातला. कोरडं, गुळगुळीत.