गोव्यात भाड्यासाठी फ्लॅट घेताना आधी वाईट वर्षाचा हिशेब मांडा

फ्लॅट दाखवणारा माणूस डिसेंबरातला एका रात्रीचा दर सांगतो आणि घेणारा मनातल्या मनात त्याला ३६५ ने गुणतो. जून ते सप्टेंबरचा पाऊस त्या गुणाकारात नसतो. म्हणून सुरुवात बारमाही भाड्यापासून करा.

१. निव्वळ भाडे काढा. पर्वरीतला ६० लाखांचा टू बीएचके धरू, भाडे महिना २०,०००. हे आकडे नमुन्याचे आहेत. खरे भाडे त्याच इमारतीतल्या दोन-तीन भाडेकरूंना विचारा, दलालाला नको. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, पंखे, गीझर, कपाटे यांचे ६ लाख मिळवून गुंतवणूक ६६ लाख. वर्षाच्या २,४०,००० भाड्यातून रिकामा महिना २०,०००, सोसायटीची देखभाल ३०,०००, घरपट्टी व विमा ८,०००, दुरुस्ती २२,००० वजा करा. उरतात १,६०,०००, म्हणजे प्राप्तिकरापूर्वी जेमतेम २.४ टक्के.

दुरुस्तीचा आकडा कमी धरू नका. समुद्राजवळ खाऱ्या हवेने ग्रिल आणि एसीचे बाहेरचे युनिट लवकर गंजते, आणि पावसाळाभर बंद राहिलेल्या फ्लॅटमध्ये भिंतींना बुरशी धरते, प्लायची कपाटे फुगतात.

२. कर्जाचा हप्ता शेजारी लिहा. ४० लाख, ८.५ टक्के, २० वर्षे: हप्ता सुमारे ३४,७००. निव्वळ भाडे महिन्याला १३,३००. दरमहा २१,४०० पदरचे घालावे लागतील. ते वीस वर्षे जमतील का, हा प्रश्न किमतीच्या घासाघिशीआधी सोडवा. सहा हप्ते, म्हणजे सुमारे दोन लाख आठ हजार, वेगळे ठेवल्याशिवाय व्यवहारात पडू नका. फायदा उरतो तो किंमत वाढली तरच, आणि ते तुमच्या हातात नाही.

३. पर्यटकांना देण्याचे गणित वेगळे मांडा. रात्रीला ४,००० मिळाले, तर बुकिंग साइट १५ टक्के आणि सांभाळणारा २० टक्के नेईल. सफाई, चादरी, वीज ८००. रात्रीमागे उरतात १,८००. वर्षाचा ठरलेला खर्च ८४,००० धरा, कारण इथे झीज जास्त. १४० रात्री भरल्या तर १,६८,००० उरतात. १०० भरल्या तर ९६,०००. सुमारे १३६ रात्रींखाली गेलात की बारमाही भाडेकरूच परवडतो. शिवाय १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, आणि सोसायटीचे नियम आड येऊ शकतात. ते विसार देण्याआधी वाचा.

४. कागद तपासा. सर्वांत मोठी जोखीम इथेच आहे, कारण भाडे बुडाले तर काही महिन्यांचे जाते, हक्क बुडाला तर सगळेच. एक-चौदा उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा सरकारी उतारा) कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना नीट बघा. तिथे मुंडकाराचे, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, नाव असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला घराबाहेर काढण्यापासून संरक्षण आहे आणि घर विकत घेण्याचा हक्कही. उतारा कोरा असला तरी जागेवर जाऊन कोण राहते ते विचारा. जमिनीची रूपांतर सनद (शेतजमीन बिगरशेती झाल्याचा कागद), बांधकाम परवाना आणि ऑक्युपन्सी दाखला (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) मागा. ऑक्युपन्सी नसेल तर स्वस्त किमतीला भुलू नका. किनाऱ्याजवळ किंवा नदीकाठी असाल तर सीआरझेडची, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारी पट्ट्याची, हद्दही बघा.

गोव्याच्या दिवाणी कायद्यात वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून दस्तावर एकाचेच नाव असले तरी विक्रीखतावर विकणाऱ्या पती-पत्नी दोघांच्या सह्या हव्यात. वडिलोपार्जित घरात सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार येतात; इन्व्हेंटरी (वारसांमध्ये मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन प्रक्रिया) पूर्ण झाली का, ते वकिलाकडून लेखी घ्या.

५. भाडेकरू निवडा. बांबोळीतले इस्पितळ, वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, फोंड्यातली कॉलेजे अशा ठिकाणी नोकरी-शिक्षणासाठी आलेल्यांची मागणी पर्यटन हंगामावर अवलंबून नसते. करार सहसा अकरा महिन्यांचा करतात, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. मुदत छोटी असली तरी करार लेखीच करा. अनामत, वीजबिल कोणाच्या नावे, रंगकाम कोणाकडे, सोडण्याची सूचना किती दिवस आधी, हे त्यात स्पष्ट लिहा. पोलीस स्थानकात भाडेकरू पडताळणीचा अर्ज द्या आणि किल्ली त्यानंतरच सोपवा.