ऑनलाइन सेमिनारमधून खरंच शिकायचं असेल तर

११ मार्च २०२० ला डब्ल्यूएचओने कोरोनाला महामारी म्हटलं आणि बघता बघता कॉन्फरन्स, वर्कशॉप सगळं झूमवर आलं. डिसेंबर २०१९ मध्ये झूम मीटिंगची रोजची हजेरी जास्तीत जास्त १ कोटी होती, एप्रिल २०२० मध्ये ती ३० कोटींवर गेली (एक माणूस पाच मीटिंगला बसला तर पाच वेळा मोजून). ज्यांना ऐकायला एरवी प्रवास, फी, सुट्टी सगळं जमवावं लागलं असतं ती माणसं आता घरात बसून बोलतायत आणि बऱ्याचदा फुकट, त्यामुळे ही संधी खरंच सोडू नका.

पण दिसेल तिथे रजिस्टर पण करू नका. मी सुरुवातीला दिवसाला तीन-तीन सेमिनार ऐकले, आठवड्याने एकाचंही धड काही सांगता येईना. आता आठवड्याला एकच. निवडताना बघायचं की बोलणारा एकच आहे का सहा जणांचं पॅनल आहे, आणि प्रश्नांना वेळ किती ठेवलाय. तासाभरात सहा जण म्हणजे प्रत्येकाची ओळख करून देण्यातच वेळ जातो. परदेशातला असेल तर वेळ नीट तपासा, अमेरिका आणि युरोपमध्ये घड्याळं वर्षातून दोनदा बदलतात आणि तीही वेगवेगळ्या तारखांना.

आता मुख्य गोष्ट, प्रश्न. भाषण नंतर यूट्यूबवर पण मिळेल, पण त्या माणसाला तुमची अडचण विचारायची संधी फक्त लाइव्ह असतानाच. म्हणून आदल्या दिवशी अर्धा तास काढून त्यांचा एखादा लेख किंवा मुलाखत वाचा आणि प्रश्न आधीच लिहून ठेवा. "या क्षेत्रात पुढे यायला काय करावं" असलं विचारलं तर उत्तर पण तसंच गोल गोल येतं. मी काय करतोय, काय करून बघितलं, कुठे अडलंय, तीन वाक्यांत बास. आणि तो चॅटमध्ये टाकू नका, तिथे गुड मॉर्निंग आणि सर्टिफिकेट कधी मिळणार यातच वाहून जातो, प्रश्नोत्तरांचा वेगळा बॉक्स असेल तर तिथे टाका आणि पहिल्या वीस मिनिटांतच टाका, कारण शेवटी गर्दी होते आणि लवकर टाकलेल्याला बाकीच्यांचे लाइक मिळायलाही वेळ मिळतो.

नोट्स हाताने, आणि स्लाइड उतरवत बसायचं नाही, स्क्रीनशॉट घ्या. वहीत फक्त ते जे स्लाइडवर नाही, म्हणजे त्यांनी सांगितलेले अनुभव, चुका, "मी आता हे असं करत नाही" असली वाक्यं, सोनं तिथेच असतं! शेअर केलेल्या लिंक संपायच्या आत कॉपी करा, होस्टने मीटिंग बंद केली की चॅट पण गेलं.

रेकॉर्डिंग मिळणारे म्हणून लाइव्ह सोडू नका, ते नंतर बघणं होतच नाही, माझं तरी कधी झालं नाही.

नेट कमजोर असेल तर आपला व्हिडिओ बंद ठेवा.

त्याच संध्याकाळी दोन-तीन मित्रांना कॉलवर घ्या आणि प्रत्येकाने आपल्याला काय कळलं ते सांगायचं. झूमच्या फ्री अकाउंटवर मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते, तेवढा वेळ पुरतो, आणि जे समजावून सांगता येत नाही तो तुमचा पुढच्या सेमिनारचा प्रश्न.