‘व्हील ऑफ टाइम’चा दहावा भाग : कुणाचं मत किती मनावर घ्यायचं

रॉबर्ट जॉर्डनच्या या कल्पनारम्य कादंबरी-मालिकेतला दहावा भाग, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, निघाला की वाचकांत दोन तट पडतात. गाडी इथेच रुतली म्हणणारे एकीकडे, उगाच बदनाम केलंय म्हणणारे दुसरीकडे. नववा भाग संपवून पुढे जावं की नाही या विचारात असाल, तर आधी मत देणारा कोण आहे ते बघा. (पुढे नवव्याच्या शेवटाचा उल्लेख येतो.)

त्याने पुस्तक कधी वाचलं हे सगळ्यात महत्त्वाचं. नववा भाग नोव्हेंबर 2000चा, दहावा जानेवारी 2003चा, अकरावा ऑक्टोबर 2005चा. दोन वर्षं वाट पाहिली, कथा जेमतेम चार पावलं सरकली आणि पुन्हा पावणेतीन वर्षं थांबावं लागलं. त्या काळातल्या मतांत हा संताप भरलेला आहे आणि तो रास्तच होता. पण 2013 मध्ये मालिका पूर्ण झाली, चौदाही भाग उपलब्ध आहेत. तुम्हाला वाट पाहावी लागणार नाही, तेव्हा त्या मतांतला हा भाग वजा करा.

उरते ती तक्रार मात्र खरी आहे. नवव्याच्या शेवटी नायक रँड सैदिन, म्हणजे पुरुषांच्या जादूचा दूषित झालेला स्रोत, शुद्ध करतो. दहाव्याचा बराचसा भाग पुढे न जाता त्याच दिवसाच्या आसपास घुटमळतो : दूरवर कुठेतरी प्रचंड शक्ती वापरली जातेय हे एकेका पात्राला जाणवतं आणि पानं उलटत राहतात. शुद्धीकरणानंतर काय, हे शोधत वाचणारा इथे हमखास वैतागतो. म्हणून नववं संपल्यावर आठवडाभर थांबा आणि दहावं ‘त्याच वेळी इतर कुठे होते’ एवढ्याच अपेक्षेने उघडा.

नुसतं ‘कंटाळवाणं’ म्हणणारं मत सोडून द्या. कुठल्या पात्राचा धागा कंटाळवाणा, हे सांगणारं मत कामाचं. रँडचा मित्र मॅट आणि परदेशी राजकन्या ट्यूऑन यांची प्रकरणं (सुरुवातीची तीन, म्हणजे 1 ते 3, आणि शेवटाकडची 28 व 29) सहसा नावडत नाहीत. राजकन्या एलेनच्या सिंहासनाच्या वाटाघाटी, साधारण प्रकरण 10 ते 15, बहुतेकांना जड जातात. दरबारी डावपेच आवडत नसतील तर त्या भरभर वाचा, मोठं नुकसान नाही.

रँडचा दुसरा मित्र पेरिन याचा धागा मात्र गाळू नका. पळवून नेलेल्या बायकोच्या, फाइलच्या, शोधात तो तिथल्या तिथेच फिरतोय ही टीका चुकीची नाही, पण सो हाबोर शहराचं प्रकरण मालिकेतल्या उत्तम प्रकरणांपैकी आहे. धान्य विकत घ्यायला गेलेल्यांपुढे पोती उघडतात, तर दाण्यांत किडे वळवळताहेत. गावातली माणसं कळकट, घाबरलेली, आणि भीती कसली ते कुणी धड सांगत नाही. जगाची वीण उसवत चालल्याचं हे चित्र युद्धाच्या वर्णनांपेक्षा जास्त अंगावर येतं. त्यानंतर पेरिन कुऱ्हाडीचं जे करतो, ते सारांशात वाचून कळत नाही.

‘दहावं सोडा, सारांश वाचा’ हा सल्ला इथेच फसतो. शिवाय 30व्या प्रकरणाच्या अखेरीस रँडच्या बालमैत्रिणीवर, एग्वेनवर, जो प्रसंग येतो, त्यावर तिची पुढच्या दोन भागांतली कथा उभी आहे. ते प्रकरण आणि उपसंहार एका बैठकीत वाचा, आणि अकरावा भाग आधीच आणून ठेवा.